चाळीस धपाट्यांचं बजेट

दहावीचा शेवटचा पेपर देऊन मी घरी आले, त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "मे महिन्यात आपण हैदराबादला जायचं. पार्कात."

कुठल्या पार्कात, हे विचारायची गरज नव्हती. लातुरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा त्या एकाच पार्काची चर्चा असायची. शहराबाहेर कुठंतरी मोठ्या जागेत होता तो. वळणावळणाच्या नळीतून पाण्याबरोबर घसरत खाली यायचं, मशीनने केलेल्या लाटांत उभं राहायचं आणि पोटातलं तोंडात येईल इतक्या उंच पाळण्यात बसायचं. जाऊन आलेली पोरं महिनाभर भाव खायची.

बाबा एवढे उदार का झाले, तेही मला ठाऊक होतं. एक जूनपासून माझा अकरावीचा क्लास सुरू होणार होता. दहावीचा निकाल लागायचा होता, कॉलेजचा पत्ता नव्हता, पण क्लासची फी भरून झाली होती. लातुरात तेव्हा हेच चालायचं. "आत्ता काय फिरायचं ते फिरून घे," बाबा म्हणाले, "मग दोन वर्षं मान वर करायची न्हाई." फाशीच्या कैद्याला शेवटची इच्छा विचारतात तसं मला वाटलं, पण इच्छा चांगली होती, म्हणून मी मान डोलावली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचे शिक्षक. भूकंपानंतर आम्ही औसा तालुक्यातल्या गावातून लातूरला आलो आणि दोन खोल्यांच्या घरात राहायला लागलो. आसपास क्लास उगवायला लागले होते. एक दिवस चाकूरकडची दोन पोरं दारात उभी राहिली. "काकू, डबा मिळंल का?" आईने होकार दिला. दोनाची सहा झाली, सहाची बावीस. पुढच्या खोलीत दोन लांब सतरंज्या टाकल्या, दारावर कुणीतरी खडूनं 'मेस' लिहिलं आणि आमचं घर संपलं. सकाळ-संध्याकाळ बावीस पोरं ओळीनं बसायची, फिजिक्सच्या गप्पा मारत भाकरी मोडायची आणि वांग्याची भाजी दिसली की तोंडं वाकडी करायची. आई भाकऱ्या थापायची, मी वाढायची, बाबा हजेरी घ्यायचे. शिक्षकाची सवय.

मे महिन्यात जुनी बॅच गावी जायची आणि नवी यायची, त्यामध्ये पाच-सहा दिवस मेस रिकामी असायची. तेच दिवस आमच्या सहलीचे ठरले. सोबतीला नांदेडहून आत्या येणार होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या यजमानांचं नांदेडला किराणा दुकान होतं, आणि दुकानात बसून बसून तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा घाऊक भाव पाठ झाला होता. घरात आल्यावर ती देवाला नमस्कार करायच्या आधी साखरेचा भाव विचारायची.

आत्या आली आणि त्याच दुपारी बजेटची बैठक बसली. बाबांनी जुन्या उत्तरपत्रिकेचा पाठकोरा कागद घेतला आणि पट्टीनं रेघा मारल्या. एसटी, लॉज, पार्काचं तिकीट. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, कारण त्यात कमी-जास्त करता येत नव्हतं. मग आला खाण्याचा रकाना.

"खाण्यात माणूस वाहवत जातो," बाबा म्हणाले.

"आमच्या शेजारची बाई जाऊन आली ना," आत्या म्हणाली, "आत एक समोसा घेतला तिनं. काय भाव सांगितला माहितंय? तेवढ्यात मी अर्धा किलो बटाटे, पाव किलो मैदा आणि वरनं तेल घेते."

"म्हणजे घरचं न्यायचं."

"पण आत नेऊ देत न्हाईत भाऊ. झडती घेतात दारावर."

बाबांचं पेन थांबलं. परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांच्या बाह्या उलटून बघणारा माणूस तो. झडती म्हटल्यावर त्यांना स्वतःची बाजू कळेना. आत्यानं ते ओळखलं. "ते तू माझ्यावर सोड. तू फक्त आकडे मांड."

बाबांनी मांडले. पहिला दिवस, एसटीत : धपाटे. संध्याकाळी लॉजवर : धपाटे, विकतचं दही. दुसरा दिवस, सकाळी : चहा-बिस्किटं. दुपारी पार्कात : धपाटे. संध्याकाळी : उरलेले धपाटे. माणशी एका वेळी अडीच, चार माणसं, चार वेळा. एकूण चाळीस. 'बाहेरचं खाणं' या रकान्यात त्यांनी सुबक शून्य काढलं. त्याखाली 'किरकोळ' असा रकाना होता आणि त्यात माझ्या एका आईस्क्रीमची सोय केली होती.

आई कोपऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, "हे चाळीस धपाटे कोण करणार?"

बाबांनी खरोखरच आश्चर्याने वर पाहिलं. "म्हणजे? तूच की."

"बरं," आई म्हणाली.

मी आईच्या हाताखाली वाढलेली. तिचं 'बरं' मला कळायचं. मेसमधल्या एखाद्या पोरानं "काकू, आज पण वांगं?" असं म्हटलं, की ती याच आवाजात "बरं" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या ताटात वांग्याची दोन वाढपं पडायची. पण त्या दुपारी माझं डोकं पाण्याच्या नळीत अडकलेलं होतं, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईने चाळीस धपाटे केले. मे महिन्याची दुपार, स्टोव्हसमोर ती, वर पत्रा. आत्या शेजारी बसून पॅकिंग करत होती, आणि ते पॅकिंग बघण्यासारखं होतं. पार्कात न्यायचे दहा धपाटे तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून टॉवेलाच्या घडीत असे बसवले, की वरून टॉवेलच दिसावा. चिवडा उशीच्या अभ्र्यात भरला आणि अभ्र्याचं तोंड शिवून टाकलं. सगळ्यात कळस म्हणजे शेंगदाण्याची चटणी. ती तिनं टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात भरली. डबा तीनदा धुतला होता, तरी चटणीला गुलाबाचा वास लागला तो लागलाच.

"आता कोण म्हणंल ही चटणी हाय?" आत्यानं विचारलं.

"कुणीच न्हाई म्हणणार आक्का," आई म्हणाली. "खाल्ली तरी न्हाई म्हणणार."

सकाळी एसटी निघाली. निलंगा मागे पडेपर्यंत सगळं बजेटप्रमाणे चाललं होतं. मग आईने पिशवी उघडली आणि आधी पलीकडच्या सीटवरच्या म्हाताऱ्या जोडप्याला दोन-दोन धपाटे दिले. म्हातारा नको-नको म्हणत होता. "घ्या हो मामा, घरचेच हायत." मग मागच्या बाईच्या लेकराला दिला. लेकराला दिला म्हणून बाईला दिला. बीदरच्या स्टँडवर कंडक्टर डबा विसरल्याचं कुणाला तरी सांगत होता, आईने त्याला हाक मारून तीन दिले आणि म्हणाली, "ड्रायव्हर भाऊंना पण द्या."

बाबा खिडकीशी झोपले होते. आत्या जागी होती, आणि तिचे ओठ हलत होते. मोजत होती ती.

"अगं वाटायलीस का काय? चाळीसाचे एकतीस झाले!"

"प्रवासात एकट्यानं खाऊ नये आक्का," आई इतक्या साळसूदपणे म्हणाली, की आत्याचं मोजणं थांबलं. रोज कपाळाला विभूती लावणारी बाई ती. अन्नदानाला नाही कशी म्हणणार?

हैदराबादला लॉजवर पोचलो. संध्याकाळी दही-धपाटे खाऊन झाल्यावर आई खाली पाणी आणायला गेली आणि येताना रिकामी पिशवी घेऊन आली. लॉजच्या मॅनेजरची बायको मूळची देगलूरची निघाली म्हणे. माहेरची चव म्हणून तिला राहवेना. आता उरले फक्त ते टॉवेलातले दहा. आत्यानं ती टॉवेलाची पिशवी उचलून स्वतःच्या पलंगावर नेली आणि डोक्याखाली घेतली. मला तेव्हा थोडा संशय आला. पण आई वाटतच असते, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्काच्या दारात पोचलो. आत पाण्यात किंचाळणाऱ्या पोरांचा आवाज येत होता आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दारावर पुरुषांची एक रांग, बायकांची एक. दोन्हीकडे पिशव्या उघडून बघत होते. मोठ्या पाटीवर ताट-चमच्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. बाबांनी ती पाटी वाचली, रुमालानं मान पुसली आणि आमच्यापासून आठ-दहा पावलं लांब जाऊन उभे राहिले. आम्ही त्यांच्या ओळखीच्याच नाही असे ते आकाशाकडे बघत होते.

बायकांच्या रांगेत आत्या पुढे, मग आई, मग मी. खाकी साडीतली एक जाडजूड बाई झडती घेत होती. तिनं आत्याच्या पिशवीत हात घातला. टॉवेल चाचपला. उशी दाबून बघितली. आत चिवडा कुरकुरला.

"क्या है ये?"

"उशी. तकिया. मेरी मान दुखती," आत्या म्हणाली आणि मान वाकडी करून दाखवली.

बाईनं पावडरचा डबा उचलला, हलवला, परत ठेवला. "जाव."

आत्या आत गेली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फक्त मेडिकलला नंबर लागलेल्या पोरांच्या चेहऱ्यावर बघितलं.

आता आईची पाळी. आईने आपली पिशवी उघडून दाखवली. मग जराशी पुढे वाकली आणि एकदम हळू आवाजात, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाली, "अम्मा, वो बाईका पावडरका डब्बा खोलके देखो ना. और टॉवेल बी."

त्या बाईनं आईकडे पाहिलं. आईने लांब कुठंतरी पाहिलं.

"ओ नानी! वापस आव!"

आत्या परत आली. डब्याचं झाकण उघडलं गेलं. बाईनं तळहातावर पावडर पाडायला डबा उलटा केला, तर पडली लालभडक चटणी.

"ये क्या है?"

"दवा," आत्या म्हणाली. "पेटकी दवा."

बाईनं वास घेतला. गुलाब, लसूण आणि शेंगदाणा यांचा एकत्र वास त्या बिचारीनं आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असणार. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले, मग आणखी चिमूटभर ठेवली.

"अच्छी दवा है," ती म्हणाली. "पूरी इधरच रखो."

मागून टॉवेल उलगडला गेला. उशीची शिवण उसवली गेली. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तिकडे पलीकडे बाबांचा चेहरा असा झाला होता, की मला त्यांची कीव आली. ज्या माणसानं हयातभर कॉप्या पकडल्या त्याच्या सख्ख्या बहिणीच्या उशीतून चिवडा सांडत होता. पिशवी जमा झाली, पितळी टोकन मिळालं, संध्याकाळी परत देऊ म्हणाले. आत्या आत आल्यावर किती तरी वेळ एकच वाक्य म्हणत होती : "तिनं आधी जाव म्हटलं होतं भाऊ. मग तिला सांगितलं कुणी?"

"अनुभव असतो त्यांना," आई म्हणाली.

सकाळ पाण्यात गेली. मी नळीतून सात वेळा घसरले. आत्या पाण्यात उतरली नाही. सगळ्यांचे कपडे मांडीवर घेऊन बाकावर बसली आणि दारावरच्या बाईला शिव्या देत राहिली. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांच्या कडेला उभे राहिले, तेवढ्यात मोठी लाट आली आणि त्यांच्या खिशातला बजेटचा कागद भिजला. ते तो उन्हात वाळवत बसले.

आई आणि मी उंच पाळण्याच्या रांगेत उभ्या राहिलो. मी इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, "मी ऐकलं."

"काय?"

"तू त्या बाईला सांगितलंस ते."

आईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तुला आईस्क्रीम कोणतं पायजे?"

"सगळ्यात महागाचं."

"दोन घे."

सौदा झाला. पण माझं समाधान झालं नव्हतं. "पण का गं? दहाच तर उरले होते."

रांग पुढे सरकली. आई पाळण्याकडे बघत म्हणाली, "सात-आठ वर्षं झाली मेसला. बावीस पोरं, तुझे बाबा, तू. आजारी पडले तर उठून पिठलं मीच करते. मला एकदा बसायचंय. कुणीतरी ताट आणून समोर ठेवावं, गरम. मी हात धुवावा आणि खावं. बस्स, एवढंच." मग स्वतःशीच हसली. "तुझ्या बाबाला सांगून बघितलं असतं, तर त्यानं त्याचंसुद्धा बजेट मांडलं असतं."

पाळण्यात आई ओरडली नाही. मी ओरडले. वर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "इथनं हॉटेल दिसायलंय बघ."

दुपारी दोनच्या सुमारास भुकेनं सगळ्यांचे डोळे फिरले. धपाटे दारात जमा, बिस्किटं सकाळीच संपलेली. बाबा वाळलेला कागद घेऊन काही वेळ शून्याकडे बघत बसले. शेवटी उठले. "चला. जेवून घेऊ." आईने पदर सारखा केला. इतक्या उत्साहानं जेवायला निघालेली आई मी कधी बघितली नव्हती.

पार्कातलं जेवणघर म्हणजे मोठा हॉल होता. आत शिरलो आणि आई दारातच थांबली.

वाढपी कुणी नव्हताच. एका खिडकीवर रांग लावून कुपन घ्यायचं, दुसऱ्या खिडकीवर रिकामं ताट हातात धरून परत रांग लावायची. शंभरेक माणसं ताटं धरून उभी होती. आतला माणूस मान वर न करता एकेका ताटात भाताचा डाव उपडा करत होता.

आईचा चेहरा बघून मला माझ्या आठव्या वर्षातली एक गोष्ट आठवली. भूकंपानंतर आम्ही गावाबाहेरच्या माळावर ताडपत्रीखाली राहत होतो. आमची भिंत पडली होती, आम्ही तिघं वाचलो होतो, पण घरातलं एक भांडंही धड उरलं नव्हतं. ट्रकमधून जेवण यायचं. कुणी कुणी लांबून पाठवायचं, चांगल्या मनानं पाठवायचं. त्यासाठी रांग असायची. आई एका हातात चेपलेलं ताट आणि दुसऱ्या हातात माझं बोट धरून उभी राहायची. वरून एक हात खाली यायचा, ताटात खिचडी पडायची, "चला, पुढं चला" असा आवाज यायचा. आई कधी रडली नाही. पण रांगेत ती मान खाली घालून असायची, आणि माझं बोट इतकं घट्ट धरायची की ते दुखायचं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"मी ताट घेऊन रांगेत उभी राहणार न्हाई," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही खाऊन घ्या. मला भूक न्हाई."

आत्या काहीतरी बोलणार होती, बाबांनी हातानं तिला थांबवलं. त्यांनी एकदा त्या रांगेकडे पाहिलं, एकदा आईकडे. त्यांना काय ते कळलं. कारण माळावर त्या रांगेत ते आमच्या मागेच उभे असायचे.

"तू बस," ते म्हणाले. "पंख्याखालचं टेबल बघ. मी आणतो."

बाबांनी घरात कधी स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलासुद्धा घेतला नव्हता. ते दोन्ही रांगांत मिळून अर्धा-पाऊण तास उभे राहिले. मग दोन हातांत दोन ताटं, काखेत पाण्याची बाटली आणि दातात उरलेली कुपनं धरून आले. आईसमोर ताट ठेवताना त्यांनी आधी रुमालानं टेबल पुसलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, डाळ, भात, एक लालसर गोड पदार्थ. आईने ताटाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि हात धुवायला गेली. परत आली ती एकदम सावकाश, लग्नघरात पाहुणी यावी तशी.

आत्या डोळे फाडून बघत होती. "भाऊ, तू वाढायलास?"

"जेव तू," बाबा म्हणाले आणि उरलेली दोन ताटं घेऊन आले.

आईने पहिला घास घेतला. मी तिच्याकडे बघत होते. डाळीत मीठ कमी होतं, पुरी गार होती, हे मलासुद्धा कळत होतं. बावीस पोरांना जेवू घालणाऱ्या बाईला कळलं नसेल का? पण ती म्हणाली, "छान हाय." आणि मग तिची मूळची खोडी जागी झाली. दोन घासांनी म्हणाली, "अहो, पापड न्हाई का?"

बाबा उठले. पापड आणला.

"लिंबू?"

बाबा उठले.

"आणि हे गोड जरा बरंय. अजून एक वाटी मिळंल का?"

"वहिनी, माणसाला बसू तरी दे!" आत्या म्हणाली.

"बसतील की. मेसमध्ये बसतातच की रोज," आई म्हणाली.

बाबांनी त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता. तिथं खिडकीमागची माणसंही पांढऱ्या शर्टातली. बाबा पाचव्या खेपेला वाटी घेऊन येत होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गुबगुबीत गृहस्थांनी त्यांना चुटकी वाजवून हाक मारली. "ओ भाई, दो पानी लाना. ठंडा."

बाबांच्या वर्गात चुटकी वाजवणाऱ्या पोराला काय मिळायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं. बाबा थांबले. त्यांनी आईची वाटी टेबलावर ठेवली, परत गेले आणि दोन पेले गार पाणी आणून त्या गृहस्थांसमोर ठेवलं. वर विचारलं, "और कुछ?"

आईला ठसका लागला. हसताना लागला, आणि हसू थांबेना म्हणून वाढत गेला. आत्यानं तिच्या पाठीत थापट्या मारल्या आणि मारता मारता तीही हसायला लागली. बाबा खुर्चीवर बसले, स्वतःचं गार झालेलं ताट पुढे ओढलं आणि आधी गंभीर राहायचा प्रयत्न केला. मग त्यांच्याही खांद्याला कंप सुटला. शेजारचे गृहस्थ पाणी पिऊन निघाले आणि जाताना बाबांच्या ताटाशेजारी पाच रुपये ठेवून गेले. बाबांनी ते 'किरकोळ'मध्ये जमा केले.

कुपनांचा खर्च आमच्या चारही वेळच्या बजेटच्या तिप्पट झाला. बाबांनी आकडा कागदावर मांडायला पेन काढलं, पण कागद भिजून वाळल्यामुळे खडबडीत झाला होता, पेन अडखळत होतं. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला. त्यानंतर मी दोन आईस्क्रीमं खाल्ली, दोन्ही महागाची. बाबांनी विचारलं नाही, दोन का म्हणून. आत्यानं विचारलं. "तिच्या आईनं कबूल केलंय," एवढंच मी म्हणाले.

संध्याकाळी दारावर टोकन देऊन पिशवी घेतली. टॉवेल, धपाटे, चिवडा, सगळं जागेवर होतं. पावडरचा डबा मात्र रिकामा. आत्या भांडायला उभी राहणार, तेवढ्यात ती खाकी साडीतली बाई स्वतःच पुढे आली. हातात कागद-पेन होतं.

"अम्मा, वो दवा कैसा बनाते?"

आत्याचा राग जागच्या जागी विरघळला. बस येईपर्यंत वीस मिनिटं ती त्या बाईला चटणी शिकवत होती. शेंगदाणे भाजायचे, सालं काढायची न्हाईत, लसूण भरपूर, खलबत्त्यात कुटायची, "मिक्सरमें नक्को, तेल छूटता." बाईनं सगळं तेलुगूत लिहून घेतलं. शेवटी तिनं विचारलं, "और वो गुलाब का बास? वो कायकू डालते?"

"वो हमारे नांदेडका पद्धत है," आत्या म्हणाली.

परतीच्या एसटीत राहिलेले दहा धपाटे बाबांनी, आत्यानं आणि मी खाल्ले. आईने हात लावला नाही. बीदरला गाडी थांबली तेव्हा बाबा न सांगता खाली उतरले आणि पळसाच्या पानावर इडली-चटणी घेऊन आले, खिडकीतून तिच्या हातात दिली.

जूनमध्ये नवी बॅच आली. चोवीस पोरं. पहिल्याच आठवड्यात बाबांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाटी लिहून दारावर लावली : 'रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील.' पालकांनी कुरकुर केली. उदगीरहून एका पोराचे वडील खास भांडायला आले. पोराचा अभ्यास बुडेल, म्हणाले. बाबा म्हणाले, "एक वेळ उपाशी राहिलं तर पोरगं जास्त वाचंल," आणि विषय संपवला.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं गंजगोलाईजवळच्या एका खानावळीत गेलो. टेबल होतं, वाढपी होता, त्यानं ताटं आणून समोर ठेवली. आईने हात धुतला, डाळीत बोट बुडवून चाखलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हिंग न्हाई टाकला. फोडणीपण कच्ची हाय." ती खुर्ची मागे सारून उठली. "आत जाऊन सांगून येते त्याला."

"बस खाली," बाबा म्हणाले.

आई बसली. पण जेवणभर तिचं लक्ष आतल्या दाराकडेच होतं.